कर्णिककाकांचा त्सांडर

"वल्ही मारता येतात का तुला?" कर्णिककाकांनी मला पहिला प्रश्न विचारला तो हा.

"नाही."

"पोहता?"

"तेही नाही."

"छान. म्हणजे बोटीत गप्प बसशील."

जर्मनीतल्या आखनच्या मराठी मंडळींचा पाडव्याचा कार्यक्रम चर्चच्या एका भाड्याच्या हॉलमध्ये होता आणि मी खुर्च्या उचलत होतो. तिथे पीएच.डी. करायला येऊन मला वर्ष होऊन गेलं होतं. मी जतचा. जत हे सांगली जिल्ह्यातलं, पाण्याच्या बाबतीत नशीब नसलेलं गाव. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे मोठ्या माणसानं काही विचारलं की आधी हो म्हणायचं आणि काय विचारलं ते नंतर समजून घ्यायचं, अशी माझी रीत होती. "जूनच्या पहिल्या रविवारी तयार राहा," काका म्हणाले. मी हो म्हणालो. मासे धरायला जायचं आहे हे मला त्या रविवारी गाडीत बसल्यावर कळलं.

"काका, मी शाकाहारी आहे," मी भीत भीत सांगितलं.

"उत्तम. म्हणजे वाटा मागणार नाहीस."

कर्णिककाका मूळचे अलिबागकडचे. ऐन तरुणपणी जर्मनीत आले आणि राहिले. उंच, काटकुळे, पांढऱ्या मिश्या कात्रीनं एका रेषेत कापलेल्या. अचूक मोजमापाची उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत ते इंजिनिअर होते आणि शर्टाच्या खिशात त्यांची एक छोटी स्टीलची पट्टी असे. ती शोभेची नव्हती. "आज खूप थंडी आहे," असं कुणी म्हटलं की ते विचारत, "किती?" समोरच्याला आकडा सांगता आला नाही तर ते त्याच्याकडे सहानुभूतीनं बघत. मला ते पहिल्या दिवसापासून 'डॉक्टर' म्हणत. "काका, अजून मिळायची आहे हो," असं मी म्हणायचो. "मिळाल्यावर सगळेच म्हणतील. तेव्हा माझी गरज नाही," असं त्यांचं उत्तर असे.

एका रविवारी सकाळी आम्ही त्यांच्या घराजवळ रस्ता ओलांडत होतो. सिग्नल लाल होता. रस्त्यावर गाडी नव्हती, माणूस नव्हता, कुत्रं नव्हतं. मी निम्म्यापर्यंत गेलो. मागून शांत आवाज आला, "डॉक्टर, परत या." मी निम्म्यातून परत आलो. हिरवा झाल्यावर आम्ही दोघांनी तोच रिकामा रस्ता पुन्हा ओलांडला.  

माशांच्या बाबतीत मात्र ते आयुष्यभर खाणारे होते, धरणारे कधीच नव्हते. पापलेट, रावस, हलवा, मांदेली ही नावं ते नातेवाइकांची घ्यावीत तशी घेत. गोड्या पाण्यातल्या माशाबद्दल त्यांचं मत एका वाक्याचं होतं: "ती पेज आहे." अशा माणसानं वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी आयफेलच्या डोंगरातल्या धरणावर बोट का काढावी, याचं कारण घरात होतं.

शैलाकाकूंची केमोथेरपी त्या हिवाळ्यात संपली होती. रिपोर्ट चांगले होते. पण तोंडाची चव गेली होती आणि ती परत येत नव्हती. काकू रेवदंड्याच्या. एकेकाळी शिंपल्यांच्या वासावरून भरती किती झाली ते सांगणाऱ्या. आता त्यांना वरण आणि पाणी सारखंच लागे. वजन उतरत होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, काहीही खा, पण खा. एकदा काकू सहज म्हणाल्या, "ताजा मासा असता तर दोन घास गेले असते."

काकांनी ते वाक्य घेतलं आणि कामाला लागले.

आधी ते सीमेपलीकडे हॉलंडच्या बाजाराला गेले. तिथल्या मासेवाल्यासमोर त्यांनी एकेका माशाचा कल्ला उघडून बघितला, पोटावर अंगठा दाबला, डोळ्यांत डोकावून पाहिलं. मासेवाला वैतागला, मग घाबरला, शेवटी त्यानं आतून दुसरा ट्रे आणला. घरी आणलेल्या त्या माशाचा एक घास काकूंनी तोंडात धरला आणि ताट हळूच बाजूला सरकवलं. "चांगला आहे हो," त्या म्हणाल्या. काकांना ते वाक्य फार लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मासेमारीच्या परवान्याच्या परीक्षेसाठी नाव घातलं.

जर्मनीत गळ टाकायला परीक्षा द्यावी लागते, हे मला खोटं वाटलं होतं. पण ती असते. पाण्याचे प्रश्न, प्राण्यांना यातना होऊ नयेत म्हणून कायदा काय म्हणतो त्याचे प्रश्न, गळाची काठी समोर जोडून दाखवणं, आणि चित्रं बघून मासे ओळखणं. काकांनी पाठांतर चोख केलं होतं. चित्रांच्या वेळी मात्र त्यांचा स्वभाव मध्ये आला. परीक्षकानं एकेक चित्र दाखवावं, काकांनी बरोबर नाव सांगावं आणि वर न विचारलेलं मत द्यावं: "याला काटे फार." "हा चिखलाचा लागणार." "हा नुसता दिसायला." परीक्षक म्हणाला, "हेर कर्णिक, फक्त नाव." मग एक चित्र आलं. लांबट अंग, पाठीवर काट्यांचा पंखा, आणि काचेचे बसवावेत तसे मोठे डोळे. "त्सांडर," काका म्हणाले, आणि गप्प झाले. परीक्षकानं विचारलं, "याच्याबद्दल काही म्हणणं नाही?" काका म्हणाले, "हा चुकून गोड्या पाण्यात राहिलाय."

ते पास झाले आणि त्यांचा मासा ठरला. त्सांडरला काटे कमी, मांस पांढरं, घट्ट. वसंतात त्याची विणीची वेळ असते, तेव्हा धरायला बंदी; आणि ठरलेल्या मापाहून लहान मासा कधीही लागला तरी पाण्यात परत सोडायचा, असा कायदा. जूनमध्ये ती उठली आणि आम्ही धरणावर हजर झालो.

परवाना फक्त काकांचा, म्हणून मला काठीला हातही लावायचा नाही. माझं काम वल्ही. ती मला काकांनीच शिकवली. पहिल्या दिवशी आम्ही बराच वेळ एका जागी गोल फिरलो. काका काठी हातात धरून ताठ बसले होते. "हरकत नाही," ते म्हणाले. "सगळ्या दिशांना बघून झालं."

ते धरण आम्हाला दोघांनाही परकं होतं. डोंगरांच्या मध्ये काळसर हिरवं पाणी, काठाला उभी झाडं, आणि पाण्याखाली काय आहे याचा काही पत्ता नाही. काकांनी मग स्वतःला जे येत होतं ते लावलं. ते समुद्राकाठचे होते. त्यांच्या स्वयंपाकघरात मुंबईहून आलेलं मराठी कॅलेंडर होतं. ते बघून त्यांनी अमावास्येच्या मागचेपुढचे दिवस निवडले, कारण तेव्हा उधाण असतं, आणि उधाणाच्या पाण्याबरोबर मासा काठाला येतो. बोट बांधताना ते दोरी सैल सोडत. "ओहोटीला बोट अधांतरी लटकायला नको," असं त्यांनी मला समजावलं. मी जतचा. धरणाला ओहोटी असते की नसते, मला काय कल्पना? मी दोरी सैल सोडली.

अडचण अशी झाली की त्याच आठवड्यात धरणातून पाणी सोडलं गेलं. आम्ही पुन्हा गेलो तेव्हा पाणी खरंच खाली गेलं होतं. काठाला ओल्या मातीचा पट्टा उघडा पडला होता. काकांनी पट्टी काढून तो मोजला.

"बघ डॉक्टर. ओहोटी."

शेजारच्या बोटीत एक बाई काठ्या आवरत होत्या. पांढरे आखूड केस, मोठा हिरवा कोट. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, आपण काय मोजताय? काकांनी आपलं नाव सांगितलं आणि मग भरती-ओहोटीचं सगळं. बाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हेर कर्णिक, इथे चंद्र धरणाच्या ऑफिसात बसतो."

या फ्राउ डॉक्टर एसर. पेशानं दातांच्या डॉक्टर, मच्छीमारांच्या क्लबच्या जुन्या सभासद, आणि काकांच्या गुरू. गुरू हा शब्द काकांनी कधी वापरला नाही. ते म्हणत, "ती बाई बरोबर बोलते, पण किती कमी बोलते!"

बाईंनी काकांची पहिली फेक बघितली आणि म्हणाल्या, "तुम्ही आकाशात मासेमारी करताय. तो तळघरात राहतो." त्सांडर तळाशी असतो. गळाला रबराची मासोळी असते, तिच्या डोक्याशी शिशाचा गोळा. ती फेकायची, तळाला टेकू द्यायची. दोरी सैल पडली म्हणजे टेकली. मग काठी किंचित उचलायची, मासोळी वर येते, पुन्हा खाली पडते. ती खाली पडत असतानाच तो घेतो. दोरीतून हाताला 'टक्' एवढंच कळतं. "दातावरून सुई फिरवताना खड्डा लागतो ना, तसं," बाई म्हणाल्या. काकांना दात शेवटपर्यंत कळले नाहीत. त्यांनी स्वतःसाठी भाषांतर केलं: शेजारच्या घराच्या दारावरची टकटक. आपल्या नव्हे. आपल्या दारावरची कुणालाही ऐकू येते.

पण ती ऐकायला गप्प बसावं लागतं, आणि काकांना ते जमत नव्हतं. हाताला टक् झालं असणार तेव्हा ते मला मांदेली कुरकुरीत का होत नाहीत ते सांगत असत. दोरी वर यायची, रबराच्या शेपटीवर दातांच्या खुणा असायच्या. काका त्या खुणा मोजत.

"टकटक झाली तेव्हा घरी कुणी नव्हतं का?" बाई विचारत.

"होतो," काका म्हणत. "आल्झो, बोलत होतो." आल्झो म्हणजे जर्मनमधलं 'तर, त्याचं असं की'; काकांचं प्रत्येक स्पष्टीकरण तिथून सुरू होई.

बाईंना सगळ्यात मोठं कोडं पडलं ते वारांचं. त्यांनी एकदा शनिवारी संध्याकाळी बोलावलं. प्रकाश उतरला की त्सांडर अंधारातही दिसणाऱ्या त्या डोळ्यांमुळे राजा असतो. काका म्हणाले, शनिवार नको, मारुतीचा. गुरुवार? दत्ताचा. सोमवार? शंकराचा. त्या दिवशी त्यांच्या घरात मासा शिजत नाही, आणि धरून ठेवलेला मासा शिळा.

"मंगळवार कोणत्या देवाचा?" बाईंनी विचारलं.

"मंगळवारी मीटिंग असते."

बाई पाण्याकडे बघत म्हणाल्या, "तुमच्या देशातल्या माशांचं बरं आहे."

त्या जूनमध्ये बाईंनी एक चांगला त्सांडर धरला आणि तो काकांपुढे केला. घरी पत्नी आजारी आहे, हे त्यांना माहीत होतं. काकांनी आभार मानले आणि नाही म्हणाले. जुलैमध्ये पुन्हा तेच झालं. गाडीत मी विचारलं, "काका, घ्यायला काय हरकत होती?" त्यांनी घाटातलं एक वळण घेतलं. मग म्हणाले, "कर्णिकांकडे उसना मासा येत नाही." ही घराण्याची रीत होती की त्यांनी त्या वळणावर रचलेली, मला कळलं नाही. पण त्यांच्या हातांकडे बघून मला एवढं कळलं की बायकोच्या दुखण्यात त्यांना दुसरं काही करता आलेलं नव्हतं. औषध दुसऱ्यांचं, डॉक्टर दुसरे, मशिनं दुसऱ्यांची. मासा तेवढा त्यांचा असणार होता.

मग श्रावण लागला आणि सगळंच थांबलं.

"काकू, तुम्हाला डॉक्टरांनी खायला सांगितलंय," मी माझ्या परीनं बोललो.

"श्रावणात मी लग्नाआधीपासून खाल्लं नाही. आता आजारपणाला घाबरून खाऊ? त्याला वाटेल, जिंकला," काकू म्हणाल्या. त्यांचा स्वेटर खांद्यावरून उतरत होता. त्या तो सारखा वर ओढत होत्या.

काकांनी फ्राउ एसरना फोन करून कळवलं की ते महिनाभर येऊ शकणार नाहीत. तब्येत? नाही. सुट्टी? नाही. मग? "महिना आहे," काका म्हणाले. बाईंनी पुढे विचारलं नाही. वारांनंतर महिना, हे त्यांना ओघानंच आलं असावं.

त्या महिन्यात काकू आणखी उतरल्या. काका आम्हाला पोळ्यांची जाडी, खोलीचं तापमान, सगळं सांगत. काकूंचं वजन मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

गणपती बसले तेव्हा मी त्यांच्याकडे आरतीला गेलो होतो. काकू सोफ्यावर उशीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, यंदा गौर बसवायची. नेहमीसारखी." कर्णिकांच्या घरी तेरड्याची गौर, आणि तिला तिखटाचा नैवेद्य, म्हणजे माशाचा. त्या वेळी गणपती आणि गौर यांच्यामध्ये पडदा ओढायचा, म्हणजे गणपतीला दिसत नाही. "नैवेद्याचं पान मला वाढा. प्रसाद आहे, नाही कसं म्हणणार? तो तरी जाईल," काकू म्हणाल्या.

काका माझ्याकडे बघत होते. त्यांनी पट्टी खिशातून काढली आणि पुन्हा ठेवली.

गौर आणायची शनिवारी, नैवेद्य रविवारी. मारुतीचा प्रश्न काकूंनीच निकालात काढला: "धरा शनिवारी. खायचा रविवारी आहे. मारुतीला हिशेब कळतो." आणि तेरडा? तेरडा धरणाच्या काठाला होता. मीच सांगितला. ओढ्याच्या तोंडाशी गुलाबी फुलांची दाट झाडी मी वल्ही मारताना बघितली होती. काकू म्हणाल्या, मग मी पण येते, गौर पुरुषांनी आणायची नसते. महिन्याभरात त्या दवाखान्याशिवाय कुठे गेल्या नव्हत्या.

त्या शनिवारी दुपारी काठावर घडीच्या खुर्चीत शाल पांघरून बसलेल्या काकूंनी तेरड्याचा तुरा हातात घेतला. तो त्यांच्या डोक्याहून उंच होता.

"तेरडाच आहे. इथलं दूध प्यायलाय," त्या म्हणाल्या.

फ्राउ एसर बोट सोडत होत्या. ते झाड तिकडे रानटी माजलेलं, क्लबची माणसं दर उन्हाळ्यात ते उपटून टाकतात. देवीसाठी थोडं घेतलं तर चालेल का, असं काकांनी विचारल्यावर बाई म्हणाल्या, "सगळं घ्या. देवीला अजून बहिणी असतील तर त्यांनाही सांगा."

काकूंजवळ माझा डबा, पाण्याची बाटली आणि तेरड्याचा भारा ठेवून आम्ही निघालो.

"कुठे?" मी विचारलं. सगळा उन्हाळा आम्ही जिथे बसायला सावली आहे तिथे बसलो होतो.

"तू सांग. तुला तलावाची काही माहिती आहे का?" काका म्हणाले. ते उपरोधानं बोलत नव्हते. त्यांच्याकडचे उपाय संपले होते.

मला एकच गोष्ट माहीत होती. आमच्या गावचा तलाव दर उन्हाळ्यात आटायचा. त्याच्या तळात आम्ही क्रिकेट खेळलो आहोत. धरण बांधायच्या आधीचा ओढा तळात तसाच असतो, आणि तो वळतो तिथे वळणाच्या बाहेरच्या अंगाला खोल कापतो. आमचा चेंडू नेहमी तिथे जायचा. मी समोरच्या डोंगराच्या उताराकडे बघितलं आणि म्हणालो, "नदी इथून वळली असणार. त्या खडकाच्या बाजूला खोल असेल."

काका माझ्याकडे बघत राहिले. "म्हणजे दुष्काळाचाही उपयोग होतो. गेनाऊ, अगदी बरोबर."

खडकाच्या बाजूला मी बोट धरली. ऊन डोंगरामागे गेलं होतं. काकांनी मासोळी फेकली. ती खाली जात राहिली, आधीच्या कुठल्याही जागेपेक्षा जास्त वेळ. दोरी सैल पडली. काठी किंचित वर, पुन्हा खाली. काका एक शब्दही बोलत नव्हते. मला वाटलं त्यांना बरं नाही.

मग त्यांचं मनगट वर गेलं आणि काठी वाकली.

मासा वर यायला फार वेळ लागला नाही. मी जाळं खाली धरलं. हिरवट सोनेरी अंग, पाठीवरचा काट्यांचा पंखा उघडलेला, आणि ते डोळे. परीक्षेच्या चित्रात होते तसेच. काकांनी हात ओला करून घेतला, गळ सोडवला आणि मासा बोटीच्या फळीवरच्या मापावर ठेवला. त्यांनी बघितलं. मग खिशातली पट्टी काढून पुन्हा बघितलं.

दूर काठावर काकू खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या होत्या.

"काका," मी म्हणालो, "अंगठ्याएवढाच कमी आहे."

"कमी आहे."

"पण काकू..."

"डॉक्टर, तुझ्या प्रबंधात एखादा आकडा कमी पडला तर तू वाढवशील?"

"नाही."

"मग?"

त्यांनी मासा पाण्यात धरला. तो क्षणभर त्यांच्या हातातच थांबला, मग गेला. काका हात पाण्यात तसेच ठेवून बसले. मग म्हणाले, "वल्ही मार." आवाज नेहमीचाच होता, पण त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

काठ जवळ येत होता तसे काका आखडत गेले. काकू पाण्यापर्यंत आल्या होत्या.

"सोडलात?"

"लहान होता."

"केवढा?"

काकांनी दोन हातांत अंतर दाखवलं. मग पट्टी काढून डावा हात थोडा आत घेतला. काकू हसायला लागल्या. त्यांना हसताना धाप लागली म्हणून त्या खुर्चीत बसल्या आणि हसत राहिल्या.

तेवढ्यात फ्राउ एसरची बोट टेकली. बाईंनी बर्फाची पेटी उचलून काठावर ठेवली. काकूंनी पेटीकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, आणि आपल्या मोडक्या जर्मनमध्ये सरळ विचारलं, "फ्राउ डॉक्टर, तुमच्याकडे मासा आहे का?"

"आहे. आज दोन आहेत," बाई म्हणाल्या. "तुमच्या यजमानांना मी जूनमध्येही देत होते. जुलैमध्येही. ते म्हणाले, तुमच्या घरात दुसऱ्याचा मासा येत नाही."

काकू हळूच वळल्या.

"अहो."

काका दोरी बांधत होते. दोरी बांधून झालेली होती. ते पुन्हा बांधत होते.

"जूनमध्ये?"

"आल्झो..." काकांनी सुरुवात केली.

"मला मासा हवा होता. तुम्हीच धरलेला हवा, असं मी कधी म्हटलं?"

काकांचे सगळे 'आल्झो' कुठे ना कुठे पोचत असत. तो एकच मी असा ऐकला, जो तिथेच राहिला.

बाईंनी दोघांतला मोठा त्सांडर कागदात गुंडाळून दिला. काकूंनी तो काकांच्या हातात न देता स्वतःच्या मांडीवर घेतला, तेरड्याच्या भाऱ्याशेजारी. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुझ्या डब्यात काय आहे रे?" बटाट्याची भाजी आणि पोळी होती. त्यांनी अर्धी पोळी खाल्ली. वारं लागून भूक लागली असेल, त्या म्हणाल्या. काका उभे राहून बघत होते. 

दुसऱ्या दिवशी गणपती आणि गौर यांच्यामध्ये पडदा ओढला. मासा काकांनी साफ केला. परीक्षेत शिकवलं होतं तसाच, फक्त तुकड्यांची जाडी पट्टीनं मोजून. नारळाच्या दुधातलं आंबटतिखट कालवण काकूंनी खुर्ची ओट्याशी लावून, हातानं न ढवळता तोंडानं केलं. "आता कोकम. नको, दोनच. झाकण का ठेवलंत?" काका प्रत्येक वाक्यावर "हो" म्हणत होते. नैवेद्य दाखवून झाल्यावर ते पान काकूंपुढे आलं. मी वरणभातावर बसलो होतो आणि भाताकडेच बघत होतो, कारण दुसरीकडे बघणं बरं नव्हतं.

काकूंनी घास घेतला. चावायला बराच वेळ लावला.

"रावस नाही हा," त्या म्हणाल्या.

"नाही," काका म्हणाले.

"पण वाईट नाही." आणि त्यांनी दुसरा घास घेतला.

काकांनी आपलं ताट बाजूला केलं, खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले आणि काकूंच्या ताटातल्या तुकड्यांतले काटे काढायला लागले. त्सांडरला काटे कमीच. तरी ते बोटांनी शोधून शोधून काढत होते. तो तुकडा संपला तेव्हा काकूंनी पातेल्याकडे बोट करून शेपटीचा मागितला.

त्या दिवसापासून काकू बऱ्या होत गेल्या, असं मी लिहिणार नाही. मी इंजिनिअर आहे. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढत नाहीत, आणि काका हे वाचतील. एवढं खरं की त्यानंतर फ्राउ एसरच्या पेटीतला मासा कर्णिकांच्या घरी येत राहिला आणि काकांनी त्याला उसना म्हणणं सोडून दिलं. ते त्याला 'क्लबचा' म्हणत. काकूंचं वजन त्यांनी मला सांगितलं ते पुढच्या दिवाळीत, दोन दशांश स्थळांपर्यंत.

मला डॉक्टरेट मिळाली आणि लुडविग्सहाफेनला नोकरी लागली. निघण्याआधी निरोप घ्यायला मी त्यांच्या घरी गेलो तर दाराला कुलूप. दोघं कुठे असतील याचा अंदाज होता, म्हणून मी पेढ्यांचा डबा घेऊन बसनं धरणावर गेलो. संध्याकाळ होत आली होती. काठावर कुणी नव्हतं. बोट पलीकडे होती, त्याच खडकाच्या अंगाला. वल्ही काकांच्या हातात होती. काठी काकूंच्या. म्हणजे काकूंनीही ती परीक्षा दिली असणार, कारण काकांनी त्याशिवाय त्यांना काठीला हात लावू दिला नसता. काकूंचे केस आखूड आणि पांढरे झाले होते. काका बोलत होते. इतक्या लांबून ऐकू येत नव्हतं, पण एक हात वल्ह्यावरून सुटून हवेत फिरत होता. काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. हात खाली गेला.

मी हाक मारली नाही. पाण्यात दोरी होती. पण काकांना मी दिसलो. ते बोटीत ताडकन उभे राहिले आणि दोन्ही हात वर करून हलवायला लागले. बोट डुगडुगायला लागली. काकूंनी दोरीवरची नजर न काढता दुसरा हात मागे नेला, त्यांचा शर्ट मुठीत धरला आणि त्यांना खाली बसवलं.